विरजणाचा कण

कांचन रहांगडालेला कुणी विचारलं असतं, की बाई, तुझ्या हातून आयुष्यातली सगळ्यात भयंकर चूक कोणती झाली, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं: तांब्याची वाटी चिंचेनं घासली. हसू नका. तांब्याचं भांडं काळं पडलं की चिंचेचा कोळ लावायचा, हे आपल्याकडे पोरीबाळींना शिकवावं लागत नाही, हात आपोआप चिंचेकडे जातो. कांचनचाही गेला. ती वाटी स्वयंपाकघरातली नव्हती, एवढंच काय ते.

बोदरटोल्याची मँगनीजची खाण भंडारा जिल्ह्याच्या पार टोकाला. खनिज संपलं तेव्हा आता इथे घुबडं राहणार असं सगळे म्हणाले, पण झालं भलतंच. सातशे मीटर खोलीवरच्या बोगद्यात सरकारनं प्रयोगशाळा थाटली. आकाशातून विश्वकिरणांचा मारा रात्रंदिवस चालू असतो, आणि नाजूक यंत्रांना त्या गोंगाटात काही ऐकू येत नाही. डोक्यावर सातशे मीटर खडक असला की गोंगाट थांबतो. कांचनचा बाप तीस वर्षं या खाणीत माणसं उतरवायचा पिंजरा खालीवर करायचा. त्याच्यामागे तिचा धाकटा भाऊ लोकेश त्या पिंजऱ्यावर लागला, आणि आयटीआय केलेली कांचन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून. आता ती पन्नाशीला आली होती. मोजणीयंत्राची टिकटिक नुसती ऐकून काय बिघडलंय ते सांगायची.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. निवेदिता देवस्थळी. कडक बाई, पण समजावून सांगायला बसल्या की वेळेचं भान नसायचं. खाली काय पकडायचंय हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं होतं, स्वयंपाक्यापासून ते पिंजरेवाल्यापर्यंत.

"तुम्ही, मी, ही खाण, हातातला चहा, सूर्य आणि आकाशातले सगळे तारे, हे सगळं एकत्र केलं तरी विश्वाचा जेमतेम विसावा भाग भरतो," त्या म्हणाल्या. "चौथ्या भागाहून थोडं जास्त कृष्णद्रव्य आहे. ते दिसत नाही, पण त्याच्या ओढीनं दीर्घिका बांधलेल्या राहतात. उरलेलं सगळं तर द्रव्यच नाही, कृष्णऊर्जा आहे. आणि आपल्या विसाव्या भागातही कमी तऱ्हा नाहीत. तारा विझला की श्वेत बटू होतो. जास्त दाबला गेला की न्यूट्रॉन तारा होतो, त्याचं चमचाभर द्रव्य डोंगराएवढं भरतं. त्याच्याही पलीकडे कृष्णविवर. या शेवटच्या दोघांच्या मधे आणखी एक तऱ्हा असावी, असं बरीच वर्षं नुसतं कागदावर होतं. आपल्या अणूंची केंद्रं दोन जातींच्या क्वार्कांची बनतात. या द्रव्यात तीन जाती असतात. तिसरी जात मिसळली की द्रव्य जास्त घट्ट आणि जास्त स्थिर होतं. त्याला विलक्षण द्रव्य म्हणतात. तसे दोन तारे कधीतरी एकमेकांवर आदळले असतील, त्यांची कणी उडाली असेल, तीच आपल्याला पकडायची आहे. आणि एक लक्षात ठेवा. त्याचा स्वभाव असा, की शेजाऱ्याला आपल्यासारखं करून टाकायचं."

"म्हणजे विरजण," कांचन म्हणाली.

मॅडम हसल्या. तेव्हापासून सगळी प्रयोगशाळा त्या कणाला विरजणच म्हणायची.

"मग सगळं दूध नासत कसं नाही?" लोकेशनं तेव्हा विचारलं होतं.

"कणावर धन भार, अणुकेंद्रावरही धन भार. दोघं एकमेकांना दूर ढकलतात, शिवू देत नाहीत. पण न्यूट्रॉनवर भारच नसतो. तो सरळ आत शिरतो, कण त्याला खातो आणि फुगतो. लहान आहे तोवर तो अणूंच्या जाळीवर बसून राहील. एका वजनापुढे गेला की त्याला काहीही तोलू शकणार नाही. पिठातून सुई जावी तसा खडकातून खाली जाईल, पृथ्वीच्या पोटापर्यंत."

"मंग?"

"मग काय, ते तिघा शास्त्रज्ञांनी तीन तऱ्हेनं मांडलंय. एक म्हणतो, काही होणार नाही, तिथे मोकळे न्यूट्रॉन नाहीत. दुसरा म्हणतो, तिथल्या दाबानं कण भोवतालचं सगळं खायला लागेल, पण पृथ्वी संपायला दोनशे कोटी वर्षं लागतील. तिसऱ्याचं उत्तर ऐंशी वर्षं आलंय."

"आणि तुमचं वो, मॅडम?"

"मी मांडलं नाही. मी कण बाहेर जाऊ देणार नाही."

कण सापडला तो दोन वर्षांपूर्वी. तांब्याच्या एका वाटीत, विद्युतक्षेत्राच्या कुंपणात त्याला ठेवलं होतं. डोळ्याला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. एखादा भरकटलेला न्यूट्रॉन त्यानं गिळला की मोजणीयंत्रावर दोन टिक जोडीनं पडायचे. टिकटिक, मग शांत. त्या जोडीवरून तो आहे हे कळायचं. बाकी कशानंच कळायचं नाही.

यंदा अष्टमीला वाटी बदलायची ठरली. जुनीवर काळा थर चढला होता. क्षेत्र सरकवलं, कण नव्या वाटीत गेला, नव्या वाटीतून टिकटिक येऊ लागली, मॅडमनी जुन्या वाटीच्या चिठ्ठीवर 'रिकामी' लिहून सही केली. सगळं रीतसर.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. खाणीवर त्या दिवशी पिंजरा, छिद्रण यंत्रं, पाने-हातोडे सगळ्यांना झेंडूची माळ चढते. शिवाय कांचनच्या बापाचा एक नेम होता, तो तिनं सोडला नव्हता. सेवा करून निवृत्त झालेलं हत्यार भंगारात तसंच टाकायचं नाही. धुऊन-पुसून पूजेला ठेवायचं, त्याला नैवेद्य दाखवायचा, मग निरोप द्यायचा. यंदा निवृत्त झाली होती ती वाटी. कांचननं ती चिंचेनं अशी घासली की लखलखली. तिच्यात खोबरं-साखर घातली. पिंजऱ्यापाशी पूजा झाली, अकरा जणांनी प्रसाद घेतला. तळाशी राहिलेला चमचाभर तिनं कागदात बांधून लोकेशला नेला.

लोकेश दीड वर्ष घरीच होता. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं घात केला. गालाच्या आत कर्करोग, एक शस्त्रक्रिया झाली, किरण झाले, आणि सहा महिन्यांत तो परत उगवला. सर्जन म्हणाले, आता कापायला जागा उरली नाही. एकच उपाय शिल्लक होता, नागपूरला नव्यानं आलेलं न्यूट्रॉनचं यंत्र. आधी गाठीत बोरॉनचं औषध भरायचं, मग न्यूट्रॉनचा झोत सोडायचा, गाठीतल्या पेशी आतल्या आत फुटतात. मंगळवारी सकाळी अकराची वेळ मिळाली होती. सात महिने वाट पाहून मिळालेली. लोकेशला चावता येत नव्हतं, म्हणून त्यानं तो प्रसाद गालात धरून हळूहळू चोखला.

दसऱ्याची सुट्टी सरली आणि सोमवारी सकाळी मॅडमचा निरोप आला: जुनी वाटी घेऊन लगेच खाली या.

खाली मॅडम नव्या वाटीसमोर उभ्या होत्या. टिकटिक जवळजवळ बंद झाली होती.

"हे कणाचं नव्हतंच," त्या म्हणाल्या. "नवी वाटी तपासताना तिच्यावर न्यूट्रॉन सोडले होते. त्यानं तांबंच किरणं सोडायला लागलं होतं, तेच चार दिवस बोलत होतं. जोडी आहे की नाही, हे मी नीट पाहिलं नाही. कण हललाच नव्हता, कांचनताई. जुन्या वाटीतच होता." मग त्यांचं लक्ष कांचनच्या हातातल्या लखलखीत वाटीकडे गेलं. "हिला काय केलंत?"

"घासली."

"कशानं?"

"चिंचेनं."

मॅडम खुर्चीत बसल्या. "तो त्या काळ्या थरात अडकून होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही तो थरच सोडवलात. नंतर वाटीत काय घातलं?"

कांचननं सांगितलं.

दुपारपर्यंत मोरी, नळी, घासणी, पूजेची जागा, सगळं तपासून झालं. मग अकरा माणसं. हातातलं मोजणीयंत्र घेऊन एकेकाच्या कपाळापासून पोटापर्यंत कांचनच फिरवत होती, कारण तिच्याइतका कान कुणाचाच तयार नव्हता. अकराही जण निर्दोष निघाले.

"ज्याच्या अंगात सापडेल त्याला खाली आणायचं," मॅडम म्हणाल्या. "वर जमिनीवर विश्वकिरणांमुळे न्यूट्रॉन पडतच असतात, थोडे का होईना. खाली ते जवळजवळ नाहीतच. आपण उपाय शोधू, दोन वर्षं लागतील फार तर. तोवर त्याचं सगळं इथेच करू. त्याला काही त्रास होणार नाही. फक्त त्याला कुठल्याही न्यूट्रॉनच्या झोतापुढे जाऊ द्यायचं नाही. आणखी कुणी खाल्लंय का?"

मॅडमनी सहज विचारलं होतं. कांचनला मात्र कागदात बांधून नेलेला चमचाभर प्रसाद आठवला.

"आठवून सांगते," ती म्हणाली, आणि यंत्र पर्समध्ये टाकून वर आली.

लोकेश ओसरीत खाटेवर बसला होता. बायको अंगणवाडीत गेली होती. सहा वर्षांची लेक इरू त्याच्या पाठीशी उभी राहून त्याचे उरलेसुरले केस विंचरत होती. कांचननं इरूला दुकानातून चहापत्ती आणायला पिटाळलं आणि यंत्र भावाच्या गालाजवळ नेलं.

"माझ्या गालात रेडिओ लागते काय वो?" लोकेशनं विचारलं.

कांचननं कान यंत्राला लावला. थोडा वेळ काही नव्हतं. तिनं श्वास सोडला तेवढ्यात यंत्र बोललं. टिकटिक. शांत. मग पुन्हा टिकटिक. दोन वर्षं रोज ऐकलेली जोडी तिनं झोपेतही ओळखली असती.

"काय झालं? तोंड पांढरं पडलं तुयं."

तिनं सगळं सांगितलं. लपवून ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि लोकेशला तर तिनं कडेवर घेऊन वाढवलेलं. वाटी, चिंच, गालातला कण, मंगळवारचा झोत. झोत पडला की कण फुगेल, गालातून, पलंगातून, फरशीतून खाली जाईल. मग पुढे तीन गणितं.

लोकेश ऐकत राहिला. "म्हणजे झोत घेतला तं मी वाचतो, अन् तो पृथ्वीत जाते."

"हो."

"अन् मॅडमचं आयकलं तं खाली राहाचं. किती दिवस?"

"दोन वर्षं."

"डॉक्टर तं होळीपर्यंतचंच म्हणून राहिला होता." तो हसायला गेला, पण गाल ओढला गेला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाला, "मले भेव लागते ताई. लय भेव लागते. पण तुयाइतका इचार मले जमत नाही. तू म्हणशील तं आत्ता पिंजऱ्यात बसतो. तू सांग."

बघा, केवढं हे ओझं. त्यानं रडून, पाया पडून जगण्याची भीक मागितली असती, तर कांचनला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. कुणी हट्ट केला की ती ताठ व्हायची. त्यानं सगळं तिच्या हवाली केलं आणि इरूनं आणलेली चहापत्ती घेऊन चुलीकडे गेला.

मंगळवारी सकाळी दोघांनी तुमसरहून नागपूरची बस धरली. बसला चालक नसतो आता, पुढची जागा रिकामी असते आणि चाक आपलं आपण वळतं. कांचनला त्याची सवय होती, पण आज त्या रिकाम्या जागेकडे बघवेना. मोबाइलवर तिनं मॅडमना निरोप लिहिला: कण सापडला, लोकेशच्या गालात आहे, खाली घेऊन येते. लिहिला आणि पाठवला नाही. दवाखान्यात पोचल्यावर पाठवू, एवढा रस्ता होऊ दे, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस भ्यायला की त्याला बहुमत आठवतं. तिलाही आठवलं. तिघांपैकी दोघं म्हणतात काही होणार नाही. दोनशे कोटी वर्षं म्हणजे काही न होण्यासारखंच. एकटाच म्हणतो ऐंशी. एकाची चूक होऊ शकते. चूक तर मॅडमचीही झाली, सही करताना. मग तिच्या मनात नको तो हिशेब आला. इरू आज सहा वर्षांची. ऐंशी वर्षांनी ती शहाऐंशीची असेल, नातवंडांत बसलेली असेल. कांचननं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. धानाची शेतं मागे जात होती.

दवाखान्यात सगळं स्वच्छ आणि गार. लोकेशच्या हातात औषधाची सुई लावून त्याला खुर्चीत बसवलं. यंत्रावरची तरुण बाई हसतमुख होती. तिनं कांचनला फॉर्म दिला. "नातेवाइकांनी भरायचा, मावशी. शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या."

शेवटची ओळ अशी होती: रुग्णाच्या शरीरात पट्टी, स्क्रू, छर्रा अथवा बाहेरची अन्य कोणतीही वस्तू आहे काय? आहे / नाही.

कांचननं मोबाइल काढला. निरोप तसाच होता, नुसतं बोट टेकवायचं होतं. तिनं लोकेशकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. त्याच्या नजरेत मागणी नव्हती, तक्रार नव्हती. तिनं 'ऊठ' म्हटलं असतं तर तो हातातली सुई काढून खरंच उठला असता, सातशे मीटर खाली जाऊन होळीपर्यंत निमूट मेला असता. हे कांचनला पक्कं माहीत होतं, आणि तेच तिला सोसेना. तिला जगाची भीती वाटत होती, इरूच्या शहाऐंशी वर्षांची वाटत होती, पण त्या रिकाम्या खाटेची त्याहून जास्त वाटली. भीतीची मापं अशीच असतात, जवळचं मोठं दिसतं. तिनं 'नाही'वर खूण केली आणि सही ठोकली.

लोकेशनं ती खूण पाहिली. त्याला आत नेलं, जाड दार बंद झालं, वर लाल दिवा लागला.

चाळीस मिनिटं. कांचन बाकावर बसून होती. चौतिसाव्या मिनिटाला आत कसलासा गजर वाजला आणि लगेच थांबला. यंत्रावरची बाई काचेमागे पडद्यावर वाकली, सहकाऱ्याशी काही बोलली, मग बाहेर येऊन म्हणाली, "घाबरू नका मावशी, एका सेन्सरनं क्षणभर उडी मारली. सगळं ठीक आहे, पूर्ण करतोय."

कांचननं मान हलवली.

लोकेश आपल्या पायांनी बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला. चेहरा घामेजलेला होता. "मधीच चटका बसला गालात," तो कुजबुजला. "सुई टोचल्यावाणी. मंग गेला."

कांचननं पर्समधून यंत्र काढून त्याच्या गालाजवळ धरलं. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. एकही जोडी नाही. मग तिनं ते खाली, फरशीजवळ नेलं. फरशीही गप्प होती. तो केव्हाच फरशीच्या पलीकडे, मुरुमाच्या आणि खडकाच्या पलीकडे गेला होता. त्याच्या वाटेवरचं भोक दिसेल असा डोळा कुणाचाच नव्हता.

"कुठं गेला?" लोकेशनं विचारलं.

तिनं पर्स उघडली. मोबाइल वाजत होता. मॅडम.

"कांचनताई, रात्रभर आम्ही मोरीचं सगळं पाणी गाळलं. नाही मिळाला. आठवलं का काही? आणखी कुणी घेतला होता प्रसाद?"

मॅडमचा आवाज दमलेला होता आणि त्यात अजून विश्वास होता. कांचननं डोळे मिटले.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "अकराच जण होतो."

फोन ठेवल्यावर लोकेश तिच्याकडे विचित्र नजरेनं बघतोय असं तिला वाटलं. आपल्या बोलण्यानं त्याला धक्का बसला असेल, ती असली खोटं बोलणारी नव्हे. पण तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर गेली तिकडे तिनं पाहिलं. तिच्या चपला खाली फरशीवर होत्या आणि दोन्ही पाय तिनं बाकावर वर घेतले होते, घरात साप निघाल्यावर घेतात तसे. केव्हा घेतले ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. तिचा अख्खा जन्म खाणीवर गेला, बापाच्या पिंजऱ्यातून ती लहानपणापासून पृथ्वीच्या पोटात उतरत आली, जमिनीचं भय म्हणून तिला कधी वाटलं नव्हतं. आता पाय खाली ठेवायचं ती मनाशी ठरवत होती, आणि ते होत नव्हतं.

लोकेश थोडा वेळ तसाच बसला. मग त्यानंही चपला काढल्या आणि आपले पाय वर घेतले.